बोनेटवर नक्की कोण होतं?

वारसाहक्काने जुनी गाडी मिळाली असं सांगितलं की लोक आधी "अरे वा" म्हणतात आणि लगेच विचारतात, "कुठली?" इथेच माझी बोलती बंद व्हायची. गाडी होती, स्टेअरिंग होतं, चाकं होती (म्हणजे तीन होती, चौथ्या जागी बाभळीचा ओंडका होता), डिकीत तुरीच्या शेंगांचं अर्धं पोतं पण होतं, पण गाडी कुठल्या कंपनीची हे काही केल्या सांगता यायचं नाही. सेकंडहँड अल्टो घेतली असती तरी मॉडेल, व्हेरियंट, रंगाचं कंपनीने दिलेलं नाव हे सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं असतं, आणि इथे आख्खी दोन बैलगाड्यांएवढी गाडी दारात आणि मी "अमेरिकन आहे" एवढं बोलून विषय बदलतोय.

आजोबा गेल्यावर वाटण्या झाल्या त्यात ऊस थोरल्या काकांकडे गेला, घर बाबांकडे आलं, दागिन्यांचा विषय बायकांनी आतल्या खोलीत मिटवला, आणि गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमधली मोटार राहिली. ती कोणालाच नको होती. "ह्याला लहानपणापासून नाद आहे" असं म्हणून ती माझ्या नावावर ढकलली. नाद म्हणजे काय, तर मी पाच-सहा वर्षांचा असताना त्यात बसून तोंडाने भुर्र करायचो. तेवढ्या भांडवलावर माणूस व्हिंटेज गाडीचा मालक होतो.

मिस्त्री बघायला आले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हयात घातलेला माणूस, कानात पेन्सिल, गाडीभोवती एक चक्कर मारली, मडगार्डावर टिचकी मारली आणि म्हणाले, "पत्रा एक नंबर हाय. करूया की. पर मालक, आधी सांगा ही हाय कोन? पार्ट मागवायचं तर कुनाच्या नावानं मागवायचं?" मी म्हणालो गावात सगळे डॉज म्हणतात. मिस्त्री म्हणाले, "गावात लोक जेसीबीला बी जेसीबीच म्हंत्यात, मग कंपनी कुठली का असंना." मुद्दा बरोबर होता.

मग घरात विचारलं. हे करायला नको होतं असं नाही, करावंच लागलं असतं, पण त्यानंतर घरात जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही.

थोरले काका म्हणाले डिसोटो. का? तर बोनेटवर माणसाचं मुंडकं होतं, टोप घातलेलं, "मी स्वतः ब्रासोने पुसलंय, दर दसऱ्याला". आत्या म्हणाली प्लिमथ, बोनेटवर जहाज होतं, शिडाचं, ती लहान असताना त्या जहाजाला धरून बोनेटवर चढायची. बाबा हळूच म्हणाले डॉज, मेंढा होता, शिंगं वळलेली. बाबा आमच्या घरात काहीही हळूच म्हणतात आणि कोणी ऐकत नाही, त्या दिवशी पण ऐकलं नाही. शेजारचे अप्पा, ज्यांना कोणी विचारलंच नव्हतं, ते कुंपणावरून म्हणाले शेवरलेट.

आता गंमत अशी की यातले पहिले तिघं पण खोटं बोलत नव्हते. डिसोटोच्या बोनेटवर खरंच मुंडकं असायचं, हर्नांडो डी सोटो नावाच्या स्पॅनिश स्वारीवाल्याचं. प्लिमथच्या बोनेटवर खरंच मेफ्लॉवर जहाज असायचं आणि डॉजवर मेंढा. आमच्या बोनेटवर काय होतं, तर दोन भोकं. आणि भोकांभोवती कित्येक दसऱ्यांचं हळदकुंकू इतकं घट्ट बसलेलं की ते खरवडायला मिस्त्रींनी नकार दिला, म्हणाले "देवाचं हाय, तुमी काडा".

म्हटलं ठीक आहे, फोटो काढा जुने. पुरावा म्हणजे पुरावा. आत्याने ट्रंकेतून अल्बम काढला. तर आमच्या घराण्यात फोटो काढायची एक ठरलेली पद्धत आहे, गाडी मागे पाहिजे आणि माणूस बरोब्बर गाडीच्या नाकासमोर पाहिजे. आजोबा जाळीला टेकून उभे. आजोबांचे मित्र जाळीला टेकून उभे. काका, वय वर्षं दहा, बोनेटवर बसलेले, आणि बसलेत कुठे तर त्या दोन भोकांच्या जागेवर, म्हणजे तिथे मुंडकं असतं तर काकांनी नंतर जन्मभर त्याची आठवण वेगळ्या शब्दांत सांगितली असती. एकच फोटो समोरून आणि मोकळा होता, आत्याच्या लग्नाच्या वरातीचा, त्यात झेंडूच्या माळा इतक्या घातल्यात की गाडी आहे का ट्रॅक्टर आहे हे पण नुसतं ऐकीव.

फोनला विचारलं. आजकाल फोटो काढून दाखवला की फोन सांगतो हे काय आहे. समोरून दाखवली तर म्हणाला मॉरिस. बाजूने दाखवली तर म्हणाला अँबॅसिडर. मागून दाखवली तेव्हा त्याने मला तुरीचे भाव दाखवले.

इथपर्यंत मी हसत होतो. मग पुण्यातल्या एका गृहस्थांचा नंबर मिळाला, स्वतःकडे जुन्या गाड्या आहेत आणि या विषयात शब्द प्रमाण मानला जातो असा माणूस. मी त्यांना सगळ्या कोनांतून गाडीचे फोटो पाठवले. त्यांचा फोन आला, "हे वधूसंशोधन आहे का? पूर्ण उंचीचे फोटो कशाला पाठवताय? मला काच पाठवा." मी म्हणालो काच? "पुढची काच. एक आहे की दोन तुकड्यांची?" दोन तुकड्यांची होती, मधे पट्टी. "मग १९५३ च्या आधीची. पुढे बोला." पुढे बोलण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं, पण त्यांच्याकडे भरपूर होतं आणि त्यांनी ते फोनवर तासभर ओतलं.

त्यांनी जे सांगितलं ते ऐकून आमच्या घरातलं भांडण कुठून आलं ते कळलं. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या तिन्ही एकाच क्रायसलर कंपनीच्या. अमेरिकेत प्लिमथ स्वस्त, डॉज तिच्या वर, डिसोटो अजून वर. पण बाहेरच्या देशांत डॉज आणि डिसोटो विकणाऱ्या डीलरांना पण एखादी स्वस्तातली गाडी पाहिजे होती, मग कंपनीने काय केलं, तर सरळ प्लिमथचीच बॉडी घेतली, पुढे डॉजचं नाक बसवलं आणि नाव दिलं डॉज किंग्सवे. त्याच बॉडीला डिसोटोची दातांची जाळी लावली आणि नाव दिलं डिसोटो डिप्लोमॅट. आणि ही मंडळी आपल्याकडे जुळायची कुठे, तर कुर्ल्याला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात, जिथून पुढे फियाट आणि पद्मिनी निघाल्या. म्हणजे काचेपासून मागे बघितलं तर तिन्ही गाड्या एकच. फरक सगळा नाकात.

आणि आमच्या गाडीच्या नाकात जाळीच नव्हती. तिथे कोणीतरी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी तारेने बांधली होती, बहुतेक रेडिएटरमध्ये उंदीर जाऊ नयेत म्हणून. खुराडं कोणाचं ते सगळ्यांना माहीत आहे, मी लिहीत नाही.

बरं, व्हीलकॅप तरी बघू म्हटलं. तीन चाकांवर तीन व्हीलकॅप होत्या. दोघींवर डॉज, एकीवर प्लिमथ. काका ताबडतोब म्हणाले, "चौथी डिसोटोची असणार." जी चौथी नाहीच आहे तिच्यावर.

शेवरलेटचा दावा मात्र त्याच आठवड्यात निकालात निघाला आणि तो काढला मिस्त्रींच्या पुतण्याने, स्वतःच्या नकळत. पोरगं दांडगं, त्याला सांगितलं चाकं खोल. उजव्या बाजूचं पुढचं चाक सुटलं. मग डाव्या बाजूला गेला तर बोल्ट हलेना. पाना लावला, पान्यात पाईप घातला, पाईपवर उभा राहिला, उड्या मारल्या, डिझेल टाकलं, शिव्या दिल्या, शेवटी एक बोल्ट कट्टकन तुटला आणि पोरगं तुरीच्या पोत्यावर जाऊन पडलं. मिस्त्री चहा पीत होते ते उठून आले, बोल्टाच्या डोक्यावरची माती अंगठ्याने पुसली. खाली इंग्रजी एल. "अरं गाढवा, उलटं आटं हायत!" क्रायसलरवाल्यांची ही खोड होती, डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे, म्हणजे घट्ट करायच्या दिशेने फिरवले की सुटतात. चाक फिरताना बोल्ट आपोआप सैल होऊ नयेत हा हेतू, पण पुतण्याच्या कमरेचा विचार डेट्रॉइटमध्ये कोणी केला नव्हता. शेवरलेट अशी खोड करत नाही. मी कुंपणाशी जाऊन अप्पांना हे सांगितलं. अप्पा म्हणाले, "असंल. मग ती शेवरलेटची चाकं नसतील."

या सगळ्यात वायरमनचं पण एक प्रकरण झालं, ते थोडक्यात सांगतो. ही गाडी सहा व्होल्टची आणि तिच्यात बॅटरीचा प्लस बॉडीला असतो, आपल्या सगळ्या गाड्यांच्या उलट. वायरमनला हे सांगितलं तर त्याने माझ्याकडे दयेने बघितलं आणि "दादा, प्लस कधी बॉडीला असतो का" म्हणत स्वतःच्या अकलेने जोडलं. पुढे काय झालं ते शेडच्या पत्र्यावर काळं दिसतं अजून.

पण आता कुटुंब कळलं, क्रायसलर. फक्त तीन बहिणींतली कुठली ते ठरायचं होतं. आणि इथे मिशिगनवाला चुलतभाऊ मैदानात उतरला. हा थोरल्या काकांचा मुलगा, आयटीत आहे, गाड्यांशी संबंध एवढाच की जिथे या गाड्या जन्मल्या त्या राज्यात भाड्याने राहतो, पण फॅमिली ग्रुपवर तो आता क्रायसलरचा प्रतिनिधी असल्यागत बोलायला लागला. दिवाळीला येणारच होता, म्हणाला मी हेडचं गॅसकीट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, आणि त्याच्या खाली बसतो तो पातळ पत्रा म्हणजे गॅसकीट) घेऊन येतो, इथे अजून मिळतं. कुठल्या गाडीचं आणू? ग्रुपवर तीन उत्तरं गेली. त्याने स्वतःच्या बापाचं न ऐकता आत्याचं ऐकलं (आत्या त्याला लहानपणी चकल्या जास्त द्यायची) आणि प्लिमथचं आणलं. बॅगेत कपड्यांच्या मधे, चॉकलेटांच्या वर, तांब्याचं चकचकीत गॅसकीट. आईने आधी त्याला कुंकू लावलं.

मिस्त्रींनी ते हेडवर धरलं. एका टोकाला जुळवलं तर दुसऱ्या टोकाला हेड दोन इंच उघडं. फिरवून धरलं, तरी तेच. मिस्त्रींनी खिशातून टेप काढली, हेड मोजलं आणि म्हणाले, "पंचवीस." पुण्याला फोन. पलीकडे शांतता, मग गृहस्थ म्हणाले, "परत मोजा." परत पंचवीस. तर हे हेड मोजणं म्हणजे या इंजिनांची नाडीपरीक्षा असते म्हणे. सहा सिलेंडर ओळीने, व्हॉल्व्ह ब्लॉकमधे, वर सपाट हेड, बघायला सगळी सारखीच, पण अमेरिकेत बनलेल्या प्लिमथ आणि डॉजचं हेड साधारण २३ इंच आणि डिसोटो, क्रायसलर आणि कॅनडात बनलेल्यांचं २५ इंच.

डिसोटो हा शब्द स्पीकरफोनवर ऐकू आला आणि काका खुर्चीतून उठले. त्या दिवशी काकांनी स्वतःच्या पैशाने पेढे आणले. गावात सांगून आले. मुलाला सर्वांसमोर म्हणाले, "बापाचं ऐकत जा." पुण्याहून गृहस्थ सांगत होते की बाहेर पाठवलेल्या डिप्लोमॅटमध्ये इंजिन सुद्धा प्लिमथचंच असायचं, त्यामुळे नुसत्या हेडवरून डिसोटो सिद्ध होत नाही, पण पेढे वाटून झाल्यावर असलं काही ऐकायची आमच्याकडे पद्धत नाही.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. रेडिएटर ज्या पट्टीवर बसवलेला होता ती पट्टी मूळची वाटत नव्हती. वेल्डिंगचे ढेकळ तसेच होते आणि रेडिएटर पुढे सरकवल्यागत दिसत होता. मिस्त्रींना दाखवलं. ते गप्प झाले, मग वायर ब्रश घेऊन इंजिनाच्या डाव्या अंगाला घासायला लागले. ग्रीस, माती, गोठ्याचा धुरळा, वर एकदा कोणीतरी मारलेला ऑइलपेंट. खाली ओतकामात उठलेले आकडे दिसायला लागले: ४, मग ११, मग ५४. आधी आम्ही म्हटलं चार नोव्हेंबर. पुण्याहून दुरुस्ती आली की अमेरिकन माणूस आधी महिना लिहितो, म्हणजे ११ एप्रिल १९५४.

एप्रिल असो नाहीतर नोव्हेंबर, साल ५४. आणि गाडी तर दोन तुकड्यांच्या काचेची, ५३ च्या आधीची. इंजिन गाडीपेक्षा धाकटं निघालं.

आता इंजिन नंबर शोधणं आलं. तो ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पुढच्या टोकाला, डायनॅमोच्या वर एका सपाट केलेल्या छोट्या जागेवर ठोकलेला असतो. डायनॅमो काढला. रॉकेलचा बोळा फिरवला, काही नाही. ब्लेडने पेंट खरवडला, नुसत्या रेघा. मग मिस्त्रींनी माझ्या पोरीची टाल्कम पावडर मागितली. चिमूटभर पावडर त्या जागेवर चोळली, फुंकर मारली, टॉर्च आडवा धरला, आणि काळ्या लोखंडात पांढरी अक्षरं उमटली. हा क्षण मला आवडला, लपवत नाही. सगळे वाकलो. काका सगळ्यात पुढे, कारण त्यांना एस पाहिजे होता, एस म्हणजे डिसोटो. आत्याला पी पाहिजे होता. बाबा मागून टाचा उंचावून बघत होते, त्यांना डी चालला असता.

पहिलं अक्षर होतं टी.

टी म्हणजे ट्रक.

कोणी काही बोललं नाही. मिस्त्रींनी टॉर्च बंद केला, परत लावला, टी तसाच. "लॉरीचं इंजिन हाय, मालक. फारगो नाईतर डॉज लॉरी." वजनदार लॉऱ्यांना २५ इंची ब्लॉक असायचा, म्हणून हेड मोठं, म्हणून रेडिएटर पुढे, म्हणून गॅसकीट दोन इंच आखूड, सगळं एका झटक्यात जुळलं, फक्त गाडी कुठली हा प्रश्न होता तिथेच.

आत्या मटार सोलत होती. ती शांतपणे म्हणाली, "अण्णांची, म्हणजे तुझ्या आजोबांची, गुळाची फारगो होती ना, कोल्हापूर मार्केटला रवे घेऊन जायची, ती मोडीत काढली तेव्हा तिचं इंजिन यात घातलं होतं की."

मी म्हणालो, "आत्या, अगं मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारत होता गाडी कुठली. इंजिन कुठलं असं कोणी विचारलं?"

काकांनी तेवढ्यात टेपने हेड अजून एकदा मोजून घेतलं.

मधल्या काळात आरटीओच्या एजंटने वेगळीच काळजी लावून दिली. २०२१ पासून व्हिंटेज गाड्यांसाठी केंद्राचा स्वतंत्र नियम आहे, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली गाडी असेल तर तिला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षं चालते, आणि रोजच्या वापराला रस्त्यावर काढायची नाही. हे सगळं मान्य. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत. एजंट म्हणाला, "ओरिजिनल आहे ना?" मी त्याला काय सांगणार, कशाशी ओरिजिनल? आधी ती कोण हे ठरू दे, मग ती स्वतःशी किती प्रामाणिक राहिली ते बघू.

एजंटला आरसी बुक पाहिजे होतं. आरसी बुक घरात नव्हतं. कपाटं, ट्रंका, देवघराचा खालचा कप्पा, धान्याची कोठी, सगळं बघून झालं. शेवटी सापडलं कुठे, तर वकिलाकडे, बांधाच्या दाव्याच्या फायलीत. शेजाऱ्यांशी शेडच्या जागेवरून दावा चालू होता (कुंपणावरच्या अप्पांचे वडील विरुद्ध आमचे आजोबा) आणि "सदर जागी वादीची मोटार १९५२ पासून उभी आहे" हे दाखवायला आजोबांनी आरसी बुक कोर्टात दाखल केलं होतं. दावा निकाली निघाला तरी बुक फायलीत पडून. वकिलांच्या मुलाने ते धूळ झटकून दिलं, वर चहा पण पाजला.

पिवळं पडलेलं, दुमडीवर फाटलेलं, मुंबई राज्याचं, नंबर बी पासून सुरू होणारा. पहिली नोंदणी १९५२. मी धडधडत्या छातीने मेकरच्या रकान्याकडे गेलो. त्या रकान्यावर कोर्टाचा निशाणी क्रमांकाचा शिक्का. जांभळा, गोल, ठसठशीत, आख्ख्या पानावर दुसरीकडे कुठेही जागा नसल्यागत बरोबर तिथेच. उजेडात धरलं, भिंग लावलं, मागून टॉर्च मारला. शिक्का वाचता आला, खालचं नाही.

पण इंजिन नंबर वाचता आला. दोन होते. एक लाल शाईने खोडलेला आणि त्याच्या वर दुसरा लिहून सही. वरचा टी. म्हणजे लॉरीचं इंजिन रीतसर नोंदवलेलं होतं, आजोबा त्या बाबतीत चोख. आणि खोडलेल्या नंबरचं पहिलं अक्षर लाल रेघेखाली स्वच्छ दिसत होतं.

डी.

पुण्याला फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "डॉज किंग्सवे. ५१-५२. अभिनंदन." मी म्हणालो ५१ का ५२? तर म्हणाले तो नाद सोडा, त्या दोन वर्षांची प्लिमथ खुद्द कंपनीनेच एका सिरीजमधे काढलेली, कोरियाचं युद्ध चालू होतं, बदल करायला कोणाला वेळ नव्हता, बॉडी तीच तुमच्या गाडीला, तेव्हा नोंदणी ५२ ची आहे ना, मग ५२ म्हणा आणि गप्प बसा.

बाबांना सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कौटुंबिक वादात बाबा बरोबर निघाले होते, आता तरी माणूस मिशीला पीळ देईल असं वाटलं. बाबा म्हणाले, "मी म्हणालो होतो." आणि पेपर वाचायला लागले. हे पण हळूच म्हणाले, त्यामुळे माझ्याशिवाय कोणी ऐकलं नाही.

काकांनी निकाल मानला नाही, फक्त "अपील करता येतं" म्हणाले. मी मात्र मोकळा झालो. चुलतभावाला मेसेज टाकला की डॉजचा मेंढा शोध, क्रोमचा, ५१-५२ चा. मिस्त्रींना सांगितलं की हळदकुंकू मी स्वतः काढतो, रवा-लिंबाने काढलं, भोकं स्वच्छ झाली, मेंढ्याच्या स्वागताला बोनेट तयार.

आणि मग आत्या आतून आली. हातात जुन्या पातळात गुंडाळलेलं काहीतरी. म्हणाली लग्न झालं तेव्हा माहेरची आठवण म्हणून वरातीतच उतरताना हे काढून घेतलं होतं, अण्णांना सुद्धा माहीत नव्हतं, तुम्ही एवढं भांडताय म्हणून आणलं. पातळ उलगडलं. क्रोम उडालेलं, एक शीड वाकलेलं, पण जहाज. शंभर टक्के जहाज. खाली दोन खिळे.

मिस्त्रींनी काही न बोलता ते घेतलं, बोनेटवर नेलं, दोन खिळे दोन भोकांवर धरले आणि दाबलं. खट्ट करून बसलं, सूतभर इकडे नाही तिकडे नाही.

"बोनेट प्लिमथचं हाय," मिस्त्री म्हणाले. "कवातरी बदललंय."

"बघ," आत्या म्हणाली.

काकांनी चष्मा पुसला, बोनेटकडे बघितलं, इंजिनकडे बघितलं, त्या दोन डॉजच्या आणि एका प्लिमथच्या व्हीलकॅपकडे बघितलं, मग मिस्त्रींच्या हातातला टॉर्च घेतला आणि पुतण्याला म्हणाले, "शीर रे खाली. चेसिस डिसोटोचं असणार."